भिंगारला न प्यालेला चहा

चार वर्षांनी चीनहून पहिल्यांदा सुट्टीवर आलो, तेव्हा आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं आणि विचारलं, "काय देऊ रे?"

मी म्हणालो, "गरम पाणी."

मे महिन्यातले दुपारचे दोन वाजले होते. देवळाली प्रवरा या आमच्या गावात त्या वेळी कुत्रीसुद्धा उसाच्या पाटात पोट बुडवून बसतात. आईनं आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाली, "आंघोळ आत्ताच करतोस? थांब, बंब पेटवते."

"प्यायला हवंय."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता हा प्रकार नीट सांगायचा तर थोडं मागं जावं लागेल. मी शिकलो ते साखरेचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासत बसलेला असायचो. तिथं कळलं, की एका परदेशी कंपनीला दक्षिण चीनमधल्या साखर कारखान्यासाठी केमिस्ट हवा आहे. मी चेष्टेनं अर्ज केला. त्यांनी गंभीरपणे बोलावलं. गेलो सहा महिन्यांसाठी आणि राहिलो नऊ वर्षं.

गावानं मला हार घालून निरोप दिला होता. पोरगं जग बघायला चाललं म्हणून दोघंचौघं रडले होते. मी जग बघायला निघालो आणि उतरलो कुठं? नानिंग नावाच्या शहरात, ज्याच्या चारी बाजूंना क्षितिजापर्यंत ऊस! ट्रॉल्यांमधून लोंबणारा ऊस, रस्त्यावर पडलेला ऊस, तो दातांनी सोलत चाललेली माणसं, आणि हंगामात अख्ख्या शहरावर मळीचा तोच ओळखीचा वास. पहिल्या संध्याकाळी खिडकी उघडून मी तो वास घेतला आणि मोठ्यानं म्हणालो, "अरे, हे तर आपलंच गाव!" खालून कुणीतरी वर पाहून चिनीत काहीतरी ओरडलं. मग कळलं, की नाही, आपलं नाही.

माझी खोली चौथ्या मजल्यावर होती. इमारतीच्या दारात एक बाई बसायची. मी कधी बाहेर गेलो, कधी आलो, हातात काय होतं, हे ती वहीत लिहायची. बाजारातून वांगी आणली तर वांगी बघायची आणि मान हलवायची, म्हणजे आज फसलास. वर्षातून एकदा हिरव्या पुठ्ठ्याचं राहण्याच्या परवान्याचं पुस्तक घेऊन पोलिसांच्या कचेरीत जायचं. तिथला अधिकारी दर वर्षी तोच प्रश्न विचारायचा, "अजून जायचं नाही?" मी म्हणायचो, "अजून साखर होतेय." तो शिक्का मारायचा. आमची मैत्री एवढीच होती, पण पक्की होती.

रस्त्यात भेटलेला शेजारी पहिल्यांदा विचारणार, "जेवलास का?" हे मला फार आवडायचं, कारण आमच्याकडेही तेच विचारतात आणि इथंही तिथंही उत्तराची वाट कुणी बघत नाही. सगळ्यात विचित्र मला वाटला तो चहा. साखरेचं एवढं मोठं शहर, पण चहात साखर घालायची पद्धत नाही. मी पोत्यांनी साखर तयार करायचो आणि घरी येऊन पाल्याचं कढत पाणी प्यायचो. साधं पाणीसुद्धा उकळलेलं आणि गरम. गार पाणी प्यालास तर पोटाचं वाटोळं होईल, असं मला दारावरच्या बाईपासून कारखान्याच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. वर्षभरात मला ते पटलं. दोन वर्षांत मी ते दुसऱ्यांना सांगू लागलो.

तर, चहा. कारखान्यात एक म्हातारा पॅनमन होता. पॅनमन म्हणजे पाक उकळून त्याचे दाणे बांधणारा कसबी माणूस. आमच्याकडे त्याला लोकांनी मिस्त्री म्हटलं असतं, म्हणून मीही मनात त्याला मिस्त्रीच म्हणायचो. त्यानं मला एका रविवारी घरी बोलावलं. त्याच्या बायकोनं चिमुकल्या कपात चहा ओतला. यजमानाचा मान राखायचा म्हणून मी कप रिकामा करून खाली ठेवला. तिनं भरला. मी रिकामा केला. तिनं पुन्हा भरला. आपल्याकडे पाहुण्यानं पुढ्यातलं संपवायचं असतं, आणि तिकडं पाहुण्याचा कप रिकामा दिसला की घरच्यांना लाज वाटते. दोघंही वळणात वाढलेले, त्यामुळे माघार कुणीच घेईना. चौदाव्या कपानंतर मी उठलो आणि गल्लीच्या टोकाला सगळ्यांसाठी मिळून एक संडास होता, तिकडं ज्या वेगानं गेलो तो वेग त्या गल्लीत अजून सांगत असतील.

परत आलो तेव्हा मिस्त्री हसून हसून डोळे पुसत होता. त्यानं माझा कप काठोकाठ भरला, माझ्यासमोर ठेवला, मी उचलायला गेलो तर माझा हात धरून खाली ठेवला आणि माझ्या पोटावर थोपटलं. एकही शब्द न बोलता मला सगळं कळलं. पोट भरलं की कप तसाच भरलेला ठेवायचा आणि त्याच्यासमोर आरामात गप्पा मारायच्या. त्याचा अर्थ, मी तृप्त आहे, तुमच्या घरी मला काही कमी नाही.

त्यानंतर मी मिस्त्रीकडं शंभरदा गेलो असेन आणि तो माझ्या खोलीवर शंभरदा आला असेल. भरलेले कप समोर ठेवून आम्ही तास न् तास बसायचो. ही सवय माझ्या हातात इतकी मुरली, की मी ती पाळतोय हेच मला कळेनासं झालं.

सुट्टी मी घेतली होती लग्नासाठी. माझ्याच. मुलगी राहुरीकडची, धाडसी. लग्नानंतर माझ्याबरोबर नानिंगला यायला तयार झाली होती. लग्नाला पंधरा दिवस असताना मी नगरला पत्रिका वाटायला गेलो. पहिल्या घरी आत्यानं पाणी दिलं. मी गरम मागितलं. चहा दिला, मी समोर ठेवून बसलो. तिनं पित्त समजून लिंबाचं सरबत दिलं. दुसऱ्या घरी ओवा मिळाला. तिसऱ्या घरी चार माणसांनी मला गरम पाणी पिताना बघायला शेजारच्यांना बोलावलं. चौथ्या घरातून बाहेर पडलो, तर फाटक लावायच्या आत आतून ऐकू आलं, "चीनला काय गेला, चहासुद्धा बाधतो साहेबांना!"

पाचवं घर भिंगारचं.

हे घर माझ्यासाठी नातेवाइकांच्या पलीकडचं. नगरला कॉलेजात असताना माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राचं ते घर. वसतिगृहाच्या जेवणानं मी खंगलेला पाहून त्याच्या आईनं, म्हणजे माईनं, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "उद्यापासनं हितं जेवायला येत जा. इचारायचं न्हाई." मी खरोखरच विचारलं नाही. दोन वर्षं रोज संध्याकाळी सायकल हाणत भिंगारला जायचो आणि मित्राच्या शेजारी मांडी घालून जेवायचो. त्याचे वडील, दादा, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. सुताएवढा फरक त्यांना डोळ्यानं दिसायचा. घर बौद्ध, आम्ही जमीनवाले कुणबी. पण त्या ताटावर बसताना हा विचार कधी माझ्या डोक्यात आला नाही. निदान मी तसं समजत होतो.

"आला गं आपला चिनीमातीचा बाहुला!" दादांनी ओट्यावरूनच आरोळी ठोकली. मित्रानं मिठी मारली. माई माठातलं पाणी तांब्यात घेऊन बाहेर आली. सकाळपासून चार घरी गरम पाणी मागून माझं पुरेसं हसं झालं होतं. इथं तरी नको, म्हणून मी म्हणालो, "पाणी नको माई. आता सवय राहिली नाही मला."

माई तांब्या घेऊन आत गेली. मग चहा आला, दुधाचा, आलं घातलेला. मी कप समोर ठेवला आणि बोलायला लागलो.

आणि बोललो की काय बोललो! असा श्रोता चार वर्षांत मिळाला नव्हता. मी सांगितलं, की नानिंगमध्ये माझ्या दाराशी रात्रंदिवस सरकारी पहारा असतो. (वहीवाली बाई.) मी रस्त्यानं निघालो की म्हातारी माणसं उठून उभी राहतात. (ती फुटपाथवर बुद्धिबळ खेळत बसायची आणि माझा पाय पटावर पडेल म्हणून उठायची.) कारखान्याबाहेर दहा हजार काळ्या सायकली लावलेल्या असतात, आणि मी सीटला खोबरेल लावून ठेवतो म्हणून माझी मला वासावरून सापडते.

"सीटला?" दादांनी विचारलं.

"सीटला."

"आनि मग बसल्यावर पँट?"

"पँट... तिकडं कापड वेगळं असतं, दादा."

"आसंल," दादा म्हणाले.

मी दोन तास बोललो. चहावर साय धरली, ती सुरकुतली, आणि मी मजेत होतो. मिस्त्रीच्या घरी बसावं तसा बसलो होतो. निघताना पत्रिका दिली आणि म्हणालो, "दादा, तुम्ही आणि माई आदल्या दिवशीच यायचं."

दादा म्हणाले, "बघू."

इथं माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. दादांच्या तोंडून 'बघू' मी कधी ऐकलं नव्हतं. ते 'व्हय' म्हणायचे, नाहीतर 'न्हाई'. लेथवर 'बघू' चालत नाही.

मित्र लग्नाच्या आठ दिवस आधी देवळालीला येऊन राहणार होता. मांडव, वाजंत्री, आचारी, सगळं तो बघणार असं आमचं कॉलेजातच ठरलं होतं, तेव्हा मुलगीसुद्धा ठरली नव्हती. तो आला नाही. पहिल्या दिवशी मी त्याच्या नावानं शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून त्याच्या ऑफिसात फोन लावला.

"रजा न्हाई भेटली," तो म्हणाला.

"तुझ्या साहेबाशी मी बोलू का?"

"नको," म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी तडक यष्टीत बसलो आणि भिंगार गाठलं. तो ऑफिससमोरच्या टपरीवर उभा होता. मला पाहून हसला, पण ते हसू पाहुण्याला दाखवायचं होतं.

"काय झालंय?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"मी काही बोललो का?"

"तू लई बोलला. पन बोलन्याचं काय न्हाई." तो म्हणाला. "तू पाणी घेतलं न्हाईस. चा तसाच ठेवला. तू गेल्यावर माई त्या कपाकडं बघत बसली हुती. शेवटी दादांनी उठून मोरीत ओतला."

मला आधी काही समजेना, आणि मग एकदम समजलं. मी टपरीच्या बाकड्यावर बसलो.

"अरे, तसं नाही रे! ते चीनमध्ये..."

"हां. सीटला तेल लावत्यात ते पन चीनमदीच."

"ते खोटं होतं! हे खरं आहे!"

"मग खऱ्याला येगळा आवाज काढायचा हुता," तो म्हणाला. "दादा काय म्हनले सांगू? म्हनले, पोरगं चीनला जाऊन शेवटी आपल्या गावाला पोचलं."

त्या दिवशी चार घरी मी हाच अपराध केला होता. तिथं तो पित्त ठरला, नखरा ठरला. या घरात मात्र न घेतलेल्या पाण्याला आणि न प्यालेल्या चहाला माझ्या जन्माच्या आधीपासून अर्थ होता. ज्या माणसानं मला दोन वर्षं मांडीला मांडी लावून जेवू घातलं, त्याला मी लग्नाची पत्रिका दिली होती आणि सोबत हेही कळवलं होतं, की आता सवय राहिली नाही. आता ते लग्नाला न येणं तर सोडाच, त्या घराची पायरी मला पुन्हा चढता येईल की नाही, हाच प्रश्न होता.

मी तसाच दादांकडे गेलो. ते अंगणात शेजाऱ्याचा कूलर खोलून बसले होते. मी चपला काढल्या आणि समोर उकिडवा बसलो.

"दादा, चीनमध्ये ना..."

"व्हय. म्हाताऱ्या मान्सांना उठवत्यात." त्यांनी मान वर केली नाही.

"तसं नव्हे. तिकडं चहा समोर आला की..." आणि मी सांगायला लागलो. मिस्त्री, त्याची बायको, तो कप, ते भरणं, ते पिणं. पण जन्मात पहिल्यांदा माझी गोष्ट रंगेना. खरी गोष्ट सांगायची मला सवयच नव्हती. कुठं थांबावं, कुठं आवाज चढवावा, काही सुचेना.

"आणि चौदाव्या कपाला मी उठून पळालो," मी म्हणालो.

दादांनी पान्हा खाली ठेवला. "किती कप?"

"चौदा."

"केवढा कप?"

मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली. त्यांनी त्या दोन बोटांमधल्या जागेकडं डोळे बारीक करून पाहिलं.

"म्हंजे आपले चार कप. चार कपाला पळालास?"

मी बोटं मागं घेतली.

"खरं सांग."

"नऊ असतील, दादा."

"आनि पळालास?"

"चालत गेलो. जरा लगबगीनं."

"हां," दादा म्हणाले. "आता बोल."

(वाचकहो, तुम्हालाही मी वर चौदाच सांगितले. नऊ होते.)

मग मी नऊ कपांचं सगळं सांगितलं. मिस्त्रीनं पोटावर थोपटलं ते सांगितलं. गरम पाण्याचं सांगितलं. आईनं माझ्या कपाळाला हात लावला तेही. तेवढ्यात माई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात तांब्या दिसला आणि मी तो जवळजवळ हिसकावून घेतला. चार वर्षं गार पाण्याला न शिवलेला माणूस मी. गटागटा तांब्या संपवला, निम्मं शर्टावर. चहा आला तो फुंकर न मारता तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली.

"बशीत वत," दादा म्हणाले. "आता कपबी गिळशील."

"माई, अजून एक दे."

"पोटाला भोक पडलंय का रं तुझ्या?" माई म्हणाली, पण आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मला वाटलं, सुटलो.

दादांनी कूलरचा पंखा हातानं फिरवून पाहिला. तो एका जागी घासत होता. तिथं बोट ठेवून ते म्हणाले, "कपाचं कळलं. ते चीनचं हाय आसं धरू. देवळाली किती लांब हाय हितनं?"

"यष्टीनं दीड तास. गाडी थांबत गेली तर दोन."

"आनि ते तुजं नानिंग?"

"घरातून निघाल्यापासून चार दिवस लागतात."

"त्यो मिस्त्री तुझ्याकडं कदी जेवला का?"

"कितीदा तरी. त्याला आपलं वरण फार आवडतं."

"चांगलं हाय," दादा म्हणाले. "चार दिवसांच्या वाटंवरला मानूस तुझ्या घरी जेवून ग्येला. आमी दीड तासावर हाय."

एवढंच. आवाज चढला नाही, टोमणाही नव्हता. माप घेऊन सांगितल्यासारखं सांगितलं. दोन वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो होतो. माझ्या घरी त्यांना एकदाही नेलं नव्हतं. एवढंच कशाला, रोज संध्याकाळी मी कुठं जेवतो हे मी देवळालीत कधी सांगितलंच नव्हतं. लपवलं होतं, असं मी म्हणत नाही. विषय निघाला नाही. विषय निघू नये म्हणून मी किती वेळा बोलणं वळवलं होतं ते मला त्या अंगणात एकेक करून आठवलं. लग्नाच्या मांडवात हजार माणसं येतात आणि कुणीही कुठंही जेवतं. दादा मांडवाबद्दल बोलत नव्हते.

माझ्याकडं गोष्ट नव्हती. खोटी नव्हती आणि खरीही नव्हती.

"दादा, उद्या घरी चला. जेवायलाच."

"उद्या आमुशा हाय," दादा म्हणाले. "आमाला चालतंय. लगीनघराला चालंल का इचार."

"मग परवा."

दादांनी माईकडं पाहिलं. माईनं माझ्या रिकाम्या कपाकडं पाहिलं. "परवा जाऊ की," ती म्हणाली. "ह्याच्या आईला तरी बघू. हे असं कुनी घडीवलं ते."

घरी आलो. आई अंगणात हळकुंडं निवडत बसली होती आणि चुलते खाटेवर पडून कडक आवाजात लग्नाचं नियोजन करत होते. मी दोघांच्या मध्ये उभा राहून सांगितलं, की परवा तीन माणसं जेवायला येताहेत. कोण, कुठली, आणि त्यांच्या घरी मी दोन वर्षं रोज जेवत होतो, तेही.

चुलते म्हणाले, "परवा मला श्रीरामपूरला काम हाय." त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

आईनं हळकुंडं सुपात गोळा केली. मग म्हणाली, "दोन वर्षं?"

"हो."

"आणि मी इकडं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, की पोरगं मेसचं खाऊन वाळलंय." ती उठली. दारात थांबून तिनं विचारलं, "तिखट खातात का रे? की तुझ्यासारखं गरम पाणी पितात?"

तिच्या मनात काय काय चाललं होतं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. त्या रात्री ती बराच वेळ कूस बदलत होती एवढं मला ऐकू आलं. जेवणाच्या दिवशी सकाळी उठून तिनं स्वतः पुरणाची डाळ भिजत घातली.

ते आले. दादा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, माई जरीकाठी लुगड्यात, मित्र माझ्याकडं न बघता हसू दाबत. चुलते पहाटेच श्रीरामपूरला गेले होते. त्या दुपारी आमच्या घरी वाटीभर साखर उसनी मागायला पाच बायका येऊन गेल्या. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात! प्रत्येकीनं वाटी पुढं केली आणि मान आत घातली.

आईनं पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, चार ताटं मांडली आणि मला मित्राच्या शेजारी बसवलं. ती स्वतः वाढत होती. नको तितकी वाढत होती, नको तितकं बोलत होती. माईनंही ते पाहिलं असावं. ती म्हणाली, "ह्यो आमच्याकडं भाकरीचे कड काढून ठेवायचा. हितंबी ठेवायचा का वो?"

"ठेवायचा की!" आई म्हणाली. "मी समजत होते मेसवाल्यानं बिघडवला!"

मग दोघींनी मिळून मला सोलायला घेतलं. मी मान खाली घालून जेवत राहिलो. इतक्या सुखानं शिव्या खात मी क्वचित जेवलो असेन.

"आमटी कशी झालीय?" आईनं विचारलं.

"एक नंबर," मी म्हणालो. मित्र म्हणाला, लई भारी. माईनं मान डोलावली.

दादांनी भुरका मारला, जिभेवर घोळवला आणि म्हणाले, "ताई, मीठ कमी हाय."

वाटी घेऊन दारात उभ्या असलेल्या सहाव्या बाईनं श्वास रोखला. आईनं पळी तोंडाला लावून चव पाहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा दोन दिवसांचा ताण कुठल्या कुठं गेला.

"अगं बाई, घातलंच नाही!" ती म्हणाली. "आणि हे दोघं मेले एक नंबर, लई भारी!" मीठ आणायला आत गेली ती माझ्या नावानं बोलत गेली, आणि तिथून हाक मारून तिनं माईला आतच बोलावून घेतलं, पुरण बघायला.

संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. मित्र राहिला होता; त्याला एकाएकी रजा मिळाली होती. माई खिडकीशी बसली. दादांनी खिशातून माझी लग्नपत्रिका काढली, चष्मा लावला आणि पहिल्यांदा नीट वाचली.

"मुहूर्त बारा पस्तीसचा लिवलाय."

"हो, दादा."

"म्हंजे लगीन दीडला लागनार."

"पावणेदोन धरा," मी म्हणालो. खरं ते सांगितलं.

दादांनी पत्रिका घडी करून परत खिशात ठेवली आणि गाडीत चढले. वरच्या पायरीवर उभं राहून म्हणाले, "आमी साडेअकराला येतो. तुमच्यात एक तरी मानूस येळंवर पायजे."